आर्केड कॅबिनेटवरील फ्रंट-एंड बदलताना : एम्युलेशनस्टेशनकडून अ‍ॅट्रॅक्ट-मोडकडे

रविवार, ६ जुलै २०२५, फोंडा

माझ्या आर्केड कॅबिनेटवर, म्हणजे पार्लरमधल्यासारख्या उभ्या गेमच्या पेटीवर, गेम्सची यादी दाखवून निवडू देणारा प्रोग्राम (फ्रंट-एंड) मी बदलतो आहे : एम्युलेशनस्टेशन सोडून अ‍ॅट्रॅक्ट-मोड. कॅबिनेटची सद्यस्थिती आधी नोंदवून ठेवतो, म्हणजे ज्यांची यंत्रणा वेगळी आहे त्यांना पुढच्या नोंदींतले काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे ठरवता येईल. पेटी १८ मिमी मरीन प्लायची आहे. आत रास्पबेरी पाय ३ बी प्लस हा छोटा संगणक, त्यावर जुने गेम चालवणारी रेट्रोपाय ४.८ ही प्रणाली, १९ इंची जुना एलसीडी मॉनिटर (१२८० × १०२४, म्हणजे ५:४), प्रत्येक खेळाडूसाठी एक जॉयस्टिक व सहा बटणे, आणि जॉयस्टिक व बटणांच्या तारा ज्यांत जातात ते, त्यांचे इशारे संगणकाला कळवणारे, ‘झिरो डिले’ म्हणून मिळणारे दोन यूएसबी एन्कोडर. मॉनिटरला एचडीएमआय नसल्यामुळे मध्ये व्हीजीए कन्व्हर्टर आहे.

एम्युलेशनस्टेशन सोडण्याचे कारण तांत्रिक नाही. ते आधी यंत्रांची यादी दाखवते, मग त्या यंत्राच्या गेम्सची, आणि कॅबिनेटसमोर उभ्या असलेल्या पाहुण्याला यांपैकी कशाशीच कर्तव्य नसते. चवथीला घर भरते तेव्हा येणाऱ्या चाळिशीतल्या प्रत्येक भावंडाला ‘मुस्तफा’ हवा असतो. कॅपकॉमने १९९३ साली काढलेल्या या गेमचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ असले, तरी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये वाढलेल्यांपैकी कोणी ते नाव घेतल्याचे मला आठवत नाही. त्यातल्या पिवळ्या टोपीच्या पात्राचे नाव तेच गेमचे नाव. म्हणून मला हवी आहे एकच यादी, लांबून वाचता येतील अशी मोठी अक्षरे, मराठीतली ओळखीची नावे, आणि कोणी खेळत नसताना पडद्यावर काहीतरी हलते ठेवण्याची सोय.

पर्याय तसे बरेच आहेत. बिग बॉक्स देखणे आहे, पण ते विंडोजवर चालते आणि त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो. बाटोसेरा उत्तम आहे, मात्र ती संपूर्ण कार्यप्रणाली असल्याने फ्रंट-एंडबरोबर खालचे सगळेच बदलते, आणि तेच मला टाळायचे आहे. माझ्या गेम्सच्या झिप फाइल्स (म्हणजेच रॉम) मेम २००३ प्लस या कोअरशी, म्हणजे आर्केड यंत्रांची नक्कल करणाऱ्या मेम या एम्युलेटरच्या एका रूपाशी, जुळवलेल्या आहेत आणि त्या कोअरचा पाया मेमची ०.७८ ही आवृत्ती आहे. नव्या मेमसाठी अनेक गेम्सच्या फाइल्स वेगळ्या लागतात. खुद्द ‘मुस्तफा’लाच आवाजाच्या क्यूसाउंड चिपची स्वतंत्र झिप लागते, जी ०.७८च्या संचात नव्हती. अ‍ॅट्रॅक्ट-मोड मात्र रेट्रोपायच्या वर बसते आणि एम्युलेटर, रॉम, साठवलेले खेळ, गेमागणिक केलेली सेटिंग्ज यांपैकी कशालाही हात लावत नाही. निर्णय त्यावर ठरला. चतुर्थी २७ ऑगस्टला आहे.

शनिवार, १२ जुलै

काहीही बदलण्यापूर्वी पायमधल्या मेमरी कार्डाची संपूर्ण इमेज (हुबेहूब प्रत) लॅपटॉपवर काढली आणि ती दुसऱ्या कार्डावर उतरवायला घेतली, तेव्हा नव्या कार्डात जागा अपुरी असल्याचा संदेश आला. दोन्ही कार्डांवर ३२ जीबी छापलेले आहे. परंतु दोन उत्पादकांच्या ३२ जीबीमध्ये थोडाफार फरक असतो आणि संपूर्ण कार्डाची इमेज घेतली की त्यातली रिकामी जागाही इमेजच्या आकारात मोजली जाते. पायश्रिंक नावाची स्क्रिप्ट लिनक्सवर चालवून इमेजमधला रिकामा भाग काढून टाकला. त्यानंतर ती नव्या कार्डावर सहज मावली आणि पहिल्यांदा सुरू होताना पार्टिशन आपोआप कार्डभर पसरले. नव्या कार्डाला ५५० रुपये पडले. जुने कार्ड पाकिटात घालून बाजूला ठेवले असून यापुढचे सर्व काम नव्या कार्डावर आहे.

रविवार, १३ जुलै

अ‍ॅट्रॅक्ट-मोड रेट्रोपाय सेटअपच्या प्रायोगिक पॅकेजांच्या विभागात मिळते. सोर्समधून, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ संहितेतून, बांधणी करायची असल्याने ३ बी प्लसवर हे काम संथ चालते, तेव्हा सकाळी सुरू करून दिवसभर तिकडे न पाहिलेले बरे. दुपारी पावसाचा जोर वाढून वीज गेली. घरचा इन्व्हर्टर लागला, डोक्यावरचा पंखा थांबलासुद्धा नाही, पण रास्पबेरी पाय मात्र रिस्टार्ट झाला आणि अर्धी बांधणी वाया गेली.

याचा उलगडा इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला झाला. तेथे एक लहानसा स्विच असतो. तो साध्या मोडवर असेल तर विजेवरून बॅटरीवर जायला लागणारा अवधी पंख्या-दिव्यांना चालतो, पण संगणकाला चालत नाही. स्विच यूपीएस मोडवर टाकल्यावर मुख्य वीज मुद्दाम बंद-चालू करून पाहिली आणि पाय एकदाही अडखळला नाही. या मोडमध्ये इन्व्हर्टर विजेच्या दाबाबाबत अधिक काटेकोर होतो आणि दाब कमी-जास्त झाला की लगेच बॅटरीवर जातो, त्यामुळे पावसाळ्यात बॅटरी जास्त वापरली जाईल. ते मान्य आहे. वेगळा यूपीएस विकत घेण्याचा विचार रद्द केला.

त्याच वेळी पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे पिवळे चिन्ह मधूनमधून दिसत होते. पायला मिळणारा दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की ते चिन्ह येते. वरच्या नामफलकामागची एलईडी पट्टी मी पायच्या यूएसबीवरूनच चालवत होतो. तिला स्वतंत्र अडॅप्टर दिला आणि पायसाठी ५.१ व्होल्ट, २.५ अँपियरचा पुरवठा लावला. चिन्ह गेले. बांधणी रात्री पूर्ण झाली.

रविवार, २० जुलै

अ‍ॅट्रॅक्ट-मोडला गेम कसा सुरू करायचा हे प्रत्येक एम्युलेटरच्या फाइलमध्ये सांगावे लागते. कोअर चालवणारे रेट्रोआर्क थेट सुरू करण्याऐवजी रेट्रोपायच्या रनकमांड या स्क्रिप्टकडे गेमचा पत्ता सोपवावा, कारण कोणत्या गेमला कोणता कोअर हे रनकमांड आधीपासून जाणते आणि गेमागणिक केलेली निवड त्यामुळे जशीच्या तशी टिकते. आर्केड गेम्स पहिल्याच फटक्यात चालू झाले. जुन्या कन्सोलच्या गेम्सना मात्र काळा पडदा येऊन यादी परत दिसत होती. आर्केडच्या झिपांची नावे आखूड व सलग असतात, तर कन्सोलच्या फाइलनावांत मोकळ्या जागा आणि कंस असतात. पत्त्याभोवती अवतरणचिन्हे नसल्यामुळे पहिल्या मोकळ्या जागेपाशीच पत्ता तुटत होता. अवतरणचिन्हे घातल्यावर तेही चालले.

यादीत गेम्सच्या नावांऐवजी ‘डिनो’, ‘एमस्लग’ अशी झिपांची नावे येत होती. अ‍ॅट्रॅक्ट-मोड पूर्ण नावे मेमच्या प्रोग्रामकडून मागवू शकते, परंतु रेट्रोपायमध्ये मेम रेट्रोआर्कच्या कोअरच्या रूपात असल्याने विचारायला तसा प्रोग्रामच नसतो. सुदैवाने एम्युलेशनस्टेशनच्या गेमलिस्ट या एक्सएमएल फाइलमध्ये नावे, खेळाडूंची संख्या, चित्रांचे पत्ते आणि आवडत्या गेम्सच्या खुणा अशी सगळी माहिती आधीच जमा आहे. अ‍ॅट्रॅक्ट-मोडची यादी ही अर्धविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल असते, तेव्हा एकातून दुसरी तयार करणारी छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली. पहिल्या प्रयोगात मी ओळींमधून मजकूर नुसता कापून घेत होतो, त्यामुळे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या नावांतल्या अँडच्या चिन्हाजागी एक्सएमएलमधली त्याची सांकेतिक जोडणी छापली जाऊ लागली. एक्सएमएल नीट वाचणारी लायब्ररी वापरली की हा प्रश्न उद्भवतच नाही. ती पायथनबरोबरच येते.

या टप्प्यावर कोणाला कायद्याच्या दृष्टीने निर्धोक गेम्सवर सराव करायचा असेल, तर मेमच्या अधिकृत संकेतस्थळावर ‘रॉबी रोटो’, ‘ग्रिडली’ असे काही मोजके जुने गेम बिगरव्यापारी वापरासाठी मोफत ठेवलेले आहेत.

शनिवार, २६ जुलै

यादीला फिल्टर लावले : सर्व गेम्स, दोघांनी खेळायचे, आणि उभ्या पडद्याचे. पहिले दोन गेमलिस्टमधल्या माहितीवर झाले. उभ्या पडद्याची माहिती तिच्यात नव्हती, म्हणून लॅपटॉपवर मेम बसवून प्रत्येक गेमचे नाव देऊन त्याची एक्सएमएल माहिती मागवली. पूर्ण यादी मागवू नये. ती शेकडो मेगाबाइटांची निघते. ०.७८पासून आजपर्यंत काही झिपांची नावे बदलली असल्याने थोडे गेम सापडले नाहीत, ते हाताने भरले. पॅकमन मुळात २२४ × २८८ अशा उभ्या पडद्यासाठी आहे आणि आडव्या मॉनिटरवर तो दोन्ही बाजूंना काळे पट्टे ठेवूनच बरा दिसतो. त्याला ताणून बसवण्याची विनंती घरून झाली, ती फेटाळली.

रविवार, ३ ऑगस्ट

मराठी नावांचे काम आज घेतले आणि अख्ख्या प्रकल्पात सर्वांत जास्त वेळ इथेच गेला.

यादीच्या शीर्षकाच्या रकान्यात देवनागरी नाव लिहिले तेव्हा आधी नुसते चौकोन आले, कारण मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नव्हते. मुक्त हा फॉन्ट घालून ‘पॅकमन’ लिहिले, ते जवळपास बरोबर दिसले, आणि त्या भरवशावर मी सगळी यादी मराठीत उतरवली. प्रत्यक्षात ‘पॅकमन’मध्ये ना जोडाक्षर आहे ना ऱ्हस्व वेलांटी, त्यामुळे चाचणीसाठी याहून निरुपयोगी शब्द मिळाला नसता. बाकीच्या नावांची अवस्था अशी झाली : ‘मुस्तफा’मध्ये स खाली लोंबणारा हलन्त घेऊन वेगळा उभा आणि त सुटा, ‘काँट्रा’तला ट्र फुटून ट आणि र यांच्यामध्ये हलन्त अडकलेला, आणि ‘विमान’मधली वेलांटी ‘व’ ओलांडून पलीकडे, ‘म’वर टेकलेली.

फॉन्ट बदलून पाहिला, फरक पडला नाही. दोष फॉन्टचा नव्हताच. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते आणि ती आधी दाखवणे, जोडाक्षरासाठी फॉन्टमधले योग्य चित्र निवडणे, मात्रा नेमक्या जागी बसवणे ही कामे हार्फबझसारखे अक्षरजुळणीचे इंजिन करते. अ‍ॅट्रॅक्ट-मोड ज्या एसएफएमएल लायब्ररीवर उभे आहे, ती मजकूर दाखवताना ही पायरी घेत नाही. ती एका सांकेतिक क्रमांकासाठी एक चित्र उचलते आणि साठवलेल्या क्रमानेच ओळीत मांडते. रोमन लिपीला एवढे पुरते, आपल्याला नाही. सेटिंग्जमध्ये यावर कोणताही उपाय नाही, हे एकदा समजले की पुढचा शोध थांबवता येतो.

मार्ग असा काढला की मजकूर दाखवायचाच नाही, त्याचे चित्र दाखवायचे. लॅपटॉपवरची पँगो ही लायब्ररी हार्फबझ वापरते आणि देवनागरी अचूक मांडते. तिच्याकडून प्रत्येक नावाचे पारदर्शक पार्श्वभूमीचे पीएनजी चित्र तयार करवून घेतले, चित्राला संबंधित झिपचेच नाव दिले आणि ती सर्व ‘व्हील’ या कलाकृतींच्या फोल्डरमध्ये टाकली. अ‍ॅट्रॅक्ट-मोड कलाकृती झिपच्या नावावरून शोधते, त्यामुळे बाकी काही जोडावे लागले नाही. शीर्षकाचा रकाना पुन्हा इंग्रजीत नेला. तो आता फक्त शोधण्यासाठी आहे. वर्णक्रमही बंद केला, कारण वर्णक्रम नसला की यादी फाइलमधल्या क्रमानेच दिसते, आणि त्या क्रमात पहिल्या ओळीवर कोण असावे याबद्दल घरात मतभेद नाहीत.

रविवार, १० ऑगस्ट

चित्रे आली, पण ओळ बिघडली. पँगोने दिलेले चित्र शाईच्या कडेपर्यंत कापून घेतल्याने ‘काँट्रा’चे चित्र चंद्रबिंदूमुळे उंच आणि ‘गलागा’चे बुटके निघाले. लेआउटने, म्हणजे पडद्यावरची मांडणी ठरवणाऱ्या फाइलने, दोन्ही एकाच उंचीच्या चौकटीत बसवल्यावर ‘गलागा’ची अक्षरे मोठी व ‘काँट्रा’ची बारीक झाली. यादी वरखाली सरकवताना प्रत्येक नावाची शिरोरेखा वेगळ्या उंचीवर येत होती आणि डोळ्याला सतत ठेचकाळल्यासारखे होत होते.

आता कडा कापणे बंद केले आहे. प्रत्येक नाव ६०० × १२० पिक्सेलच्या एकाच मापाच्या रिकाम्या चौकटीत, शिरोरेखा वरून ठरावीक अंतरावर धरून बसवले जाते. वर रफार, चंद्रबिंदू यांना आणि खाली उकारांना जागा राहील असे माप ‘स्ट्रीट फायटर’, ‘काँट्रा’ आणि ‘मुस्तफा’ ही तीन नावे समोर ठेवून काढले. लेआउट स्क्विरल भाषेत लिहिलेला असतो. तयार लेआउट बहुतेक रुंद पडद्यासाठी असल्याने त्याची मापे १२८० × १०२४ केली आणि डाव्या बाजूला नावांची सरकती रांग, उजवीकडे गेमचे हलते दृश्य अशी मांडणी ठेवली. सालाचा आकडा खाली इंग्रजी अंकांत येतो. तो तसाच राहू दिला.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

सुट्टी असल्याने नियंत्रणांकडे वळलो. दोन्ही एन्कोडर एकाच बनावटीचे असून यंत्रणेला ते एकाच नावाने दिसतात. म्हणून पहिला खेळाडू कोणता हे नावावरून ठरत नाही, सुरू होताना कोणता एन्कोडर आधी ओळखला गेला त्यावरून ठरते. एम्युलेशनस्टेशनमध्ये हे क्वचित उलटे होत असे. अ‍ॅट्रॅक्ट-मोड बसवल्यापासून ते अधूनमधून होऊ लागले आणि कधीकधी तर डावी जॉयस्टिक पूर्णच निर्जीव होई. मी आधी नव्या सॉफ्टवेअरवर संशय घेतला. प्रत्यक्षात या कामासाठी जोडून ठेवलेल्या वायरलेस कीबोर्डचा डोंगल स्वतःची नोंद जॉयस्टिक म्हणूनही करत होता आणि तो आधी ओळखला गेला की शून्य क्रमांक त्याच्याकडे जाऊन एन्कोडर एकेक पायरी खाली सरकत होते. डोंगल काढला, साधा तारेचा कीबोर्ड लावला. कोणते उपकरण कोणत्या पोर्टवर आहे हे इनपुट उपकरणांच्या ‘बाय-पाथ’ फोल्डरमध्ये दिसते. तेथे पाहून दोन्ही एन्कोडरचे पोर्ट ठरवले, तारांवर आणि पोर्टांवर रंगाचे ठिपके दिले. त्यानंतर क्रम हललेला नाही. शिवाय फ्रंट-एंडमध्ये दोन्ही जॉयस्टिकना यादी हलवण्याची मुभा दिली, म्हणजे तिथे तरी क्रमाचा प्रश्न राहत नाही.

रविवार, १७ ऑगस्ट

गेममधून बाहेर पडले की तोच गेम पुन्हा सुरू होत होता. बाहेर पडण्यासाठी सिलेक्ट व स्टार्ट ही बटणे एकत्र दाबावी लागतात, आणि अ‍ॅट्रॅक्ट-मोडमध्ये गेम निवडण्याचे बटणही मी स्टार्टच ठेवले होते. बोट उचलायच्या आत यादी परत येई आणि दाबलेले स्टार्ट तिला लागू होई. निवड पहिल्या लाल बटणावर नेली, विषय संपला.

बाहेर पडण्याच्या आज्ञेच्या जागी यंत्रणा रीतसर बंद करण्याची आज्ञा घातली आहे, जेणेकरून मुलांनी ‘बाहेर’ निवडले तर कमांडच्या काळ्या पडद्यावर न पोहोचता कॅबिनेट नीट बंद होईल. आपोआप सुरू होण्याच्या फाइलमध्येही एम्युलेशनस्टेशनच्या जागी अ‍ॅट्रॅक्ट-मोडचे नाव टाकले. एम्युलेशनस्टेशन काढून टाकू नये. नव्या गेमची चित्रे व माहिती उतरवून घेण्यासाठी ते लागते.

शनिवार, २३ ऑगस्ट

रिकाम्या वेळी दाखवायच्या चित्रफिती अडखळत होत्या. त्या गरजेपेक्षा मोठ्या होत्या. ३२० × २४० मापात पुन्हा बनवल्यावर सुरळीत चालतात आणि कार्डावरची जागाही वाचली.

दुसऱ्या खेळाडूचे उडीचे बटण दाबूनही न लागण्याचा प्रकार मात्र सॉफ्टवेअरचा नव्हता. मायक्रोस्विच उघडला तेव्हा आतल्या पितळी पात्यावर हिरवट थर दिसला. गोव्याच्या पावसाळ्यात कपाटात पेटता बल्ब ठेवण्याची आपली रीत आहे, तीच इथे लावली : तळाशी, प्लायपासून हातभर दूर, कमी वॉटचा एक बल्ब आणि मागे हवेसाठी जाळी. मायक्रोस्विच बदलले, एकेक साधारण ३५ रुपयांना पडला.

रविवार, ३१ ऑगस्ट

आज पाच दिवसांच्या गणपतीचे विसर्जन. कॅबिनेट चवथीपासून जवळजवळ अखंड चालू होते आणि फ्रंट-एंड एकदाही कोसळले नाही. यादी कोणाला समजावून सांगावी लागली नाही. आत्याने मात्र गेम संपल्यावर थेट भिंतीवरचे बटण बंद केले, तेव्हा बंद करण्याचा पर्याय आता यादीच्या शेवटी स्वतंत्र चित्र म्हणून दिला आहे : ‘बंद करा’, लाल अक्षरांत.

नवा गेम घालायचा झाल्यास क्रम असा : झिप आर्केडच्या फोल्डरमध्ये, एम्युलेशनस्टेशनमधून माहिती व चित्रे, मग स्क्रिप्ट चालवून यादी नव्याने, मग लॅपटॉपवरून मराठी नावाचे चित्र. चित्र विसरले तर रांगेत रिकामी जागा दिसते.

एक मागणी उरली आहे. ‘मुस्तफा’ एका वेळी तिघे खेळू शकतात आणि माझ्या पॅनेलवर दोघांचीच सोय आहे. तिसऱ्यासाठी यूएसबी गेमपॅड पुरेल. फ्रंट-एंडमध्ये काही बदलावे लागणार नाही. मात्र गेमपॅड जोडल्यावर तोच शून्य क्रमांक बळकावत नाही ना, हे बाय-पाथमध्ये आधी पाहावे लागेल. पॅड आला की इथे नोंद करीन.